आधी पाऊल, मग बॉल

जालना

चि. छकुलीस,


तुझं पत्र आणि फोनवर पाठवलेले व्हिडिओ मिळाले. तू विचारतेस, "काका, आता स्वतःचा बोलिंगचा बॉल घ्यावा म्हणते, कोणता घेऊ?" इतक्यात कोणताच घेऊ नकोस. पैसे खर्च करायचेच असतील तर आधी बूट घे. एवढ्या उत्तराने तुझं समाधान व्हायचं नाही हे ठाऊक आहे, म्हणून सविस्तर लिहितो. मिशिगनला नोकरीत होतो तेव्हा आठवड्याला एक संध्याकाळ लीगमध्ये खेळायचो. तिथल्या म्हाताऱ्या खेळाडूंकडून जे कानावर पडलं आणि पायात उतरलं, तेवढंच सांगतो.

तुझं म्हणणं असं, की ऑफिसच्या स्पर्धेत एका डावात तू १५० च्या पुढे जातेस आणि पुढच्याच डावात ९० वर येतेस. हात तोच, बॉल तोच, लेन तीच, मग बिघडतं कुठे? तुझ्या मैत्रिणीने व्हिडिओ घेताना सगळं लक्ष पिनांकडे ठेवलंय. तरी काही ठिकाणी तुझे पाय दिसतात, आणि माझं तेवढ्यावर भागलं. एका बॉलला तुझा डावा पाय रेषेच्या वीतभर अलीकडे थांबलाय, दुसऱ्याला हातभर अलीकडे, आणि एकदा तर तो सरकलाच नाही, धपकन आपटला. पाय दरवेळी नव्या जागी, नव्या रीतीने थांबणार असेल तर हाताने दरवेळी तोच बॉल कसा टाकावा?

जरा हिशेब करू. फाउल लाइनपासून, म्हणजे जिच्या अलीकडे थांबायचं त्या रेषेपासून, पहिल्या पिनेपर्यंत ६० फूट. लेनची रुंदी साधारण साडेतीन फूट, आणि तेवढ्यात ३९ फळ्या, म्हणजे एक फळी इंचाहून थोडीशी रुंद. शेजारशेजारच्या दोन पिनांच्या मध्यांत १२ इंचांचं अंतर. आता बॉल सुटताना फक्त एक अंश तिरका गेला, तर ६० फुटांवर तो साडेबारा इंच बाजूला पोचतो. जी पिन पाडायची ती सोडून शेजारची पडते. एक अंश डोळ्याला दिसतसुद्धा नाही. तू तो मनगटात शोधतेस. मनगटात तो क्वचित असतो. बहुतेक वेळा खांदे आणि कंबर वळलेली असतात, आणि ती वळतात कारण खाली पाय डुगडुगत थांबलेला असतो.

माझ्यावर विश्वास नसेल तर मोठ्या खेळाडूंचे जुने सामने काढ. ऑस्ट्रेलियाचा जेसन बेलमॉन्टे दोन्ही हातांनी बॉल टाकतो. सुरुवातीला लोक त्याला हसले, पुढे त्याच्याच तऱ्हेने टाकणारी पोरं जगभर तयार झाली. अमेरिकेचा अर्ल अँथनी डावखुरा, १९७५ मध्ये एका हंगामात एक लाख डॉलर मिळवणारा पहिला बोलर. वॉल्टर रे विल्यम्सने व्यावसायिक स्पर्धांची ४७ विजेतेपदं मिळवली, आणि त्याचा बॉल इतरांच्या मानाने फारच कमी वळायचा. तिघांच्या हातांत काही म्हणता काही सारखं नाही. पायांत मात्र आहे. तिघांचाही शेवटचा पाय सरकत येतो, रेषेच्या आत थांबतो आणि बॉल गेल्यावरही ते त्याच पायावर तोल सांभाळून उभे असतात.

तू मुलगी म्हणून मुद्दाम एक सामना सांगतो. २०१० च्या जानेवारीत लास वेगासला 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स'च्या अंतिम सामन्यात केली कुलिकने ख्रिस बार्न्सला २६५ विरुद्ध १९५ असं हरवलं. पुरुषांबरोबर खेळून तिथल्या व्यावसायिक दौऱ्यावरचं विजेतेपद घेणारी ती पहिली बाई. तो सामना बघताना पडद्याचा वरचा अर्धा भाग कागदाने झाक आणि फक्त तिचे पाय बघ. डावाच्या शेवटच्या, दहाव्या फ्रेमलाही ते पहिल्या फ्रेमसारखेच पडतात. तो सामना तिने ताकदीने जिंकला म्हणणाऱ्याने तिचे पाय बघितलेलेच नाहीत.

आता तुझ्या पायांबद्दल. तुझी अडचण आळसातून आलेली नाही, खो-खोतून आलेली आहे. शाळेत तू चांगली आक्रमक होतीस. खो मिळाला की पहिलं पाऊल सगळ्यात वेगवान टाकायचं, कारण तिथे अर्धा क्षण गेला की समोरची निसटते. ही सवय अंगात इतकी मुरली आहे की लेनवर उभी राहिलीस तरी तुझं पहिलं पाऊल झेपच घेतं. बोलिंगला नेमकं उलटं हवं. पहिलं पाऊल सगळ्यात लहान आणि संथ, वेग पुढे पायरीपायरीने वाढतो. शिवाय खो-खोत थांबायचं म्हणजे टाच रोवायची किंवा खांबाला हात देऊन गिरकी घ्यायची. इथे टाच रोवलीस की सगळा झटका गुडघ्यात जातो, आणि धरायला खांबही नाही.

खो-खोतली एक गोष्ट मात्र जशीच्या तशी आण. आक्रमकाने एकदा खांद्याने दिशा घेतली की ती मोडता येत नाही, मोडली की फाउल. लेनवर पंच तुझे खांदे बघणार नाही, पण नियम तोच समज. पहिल्या पावलाला खांदे जिकडे, शेवटच्या पावलाला तिकडेच. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला खो-खो विश्वचषक झाला आणि प्रियांका इंगळेच्या नेतृत्वाखाली आपल्या मुलींनी तो जिंकला, तेव्हा तू मला फोनवर बजावत होतीस की पळणारीकडे बघू नका, पकडणारीचे पाय बघा. तोच डोळा आता स्वतःकडे वळव.

बुटांचं सांगतो. मॉलमधले भाड्याचे बूट दोन्ही पायांना सारखेच गुळगुळीत असतात, कारण ते उजव्या-डाव्या सगळ्यांना चालवायचे असतात. स्वतःचे बूट निराळे असतात. तू उजव्या हाताने टाकतेस, तेव्हा तुझ्या डाव्या बुटाचा तळ सरकणारा हवा आणि उजव्याचा जमीन धरणारा, कारण शेवटून दुसऱ्या पावलाला उजवा पायच तुला पुढे रेटतो. तो घसरला तर डाव्याला सरकायला जोर कुठून मिळणार? काही बुटांचे तळ बदलताही येतात, म्हणजे जागा जास्त निसरडी असली तर कमी सरकणारा तळ लावायचा. ही चैन पुढची. पहिला जोड साधा घे, पण पायाला घट्ट बसणारा.

बूट कुठलेही असोत, तळ कोरडा ठेवणं हे निम्मं काम आहे. मॉलमध्ये लोक हातात थंड पेयाचे ग्लास घेऊन हिंडतात, फरशीवर थेंब पडतात, बाथरूमच्या दारात पाणी असतं. ओला तळ सरकत नाही, चिकटतो. वेगात येणारा पाय अचानक चिकटला की माणूस तोंडावर जातो किंवा गुडघा पिरगाळतो. म्हणून लेनचे बूट घालून बाहेर जायचं नाही, आणि जावंच लागलं तर वरून कव्हर चढवायचं. दरवेळी बॉल उचलण्याआधी डावा पाय जमिनीवर पुढेमागे घासून बघ. सरकतोय ना, मगच खेळ. आणखी एक. तुझ्या व्हिडिओत कुणीतरी कॅरमची पावडर आणलेली दिसते. ती तळाला लावू नकोस, दुसऱ्यालाही लावू देऊ नकोस. तळावरची पावडर तिथेच सांडते आणि तुझ्या मागून येणारा आपटतो. स्पर्धेत तर ते नियमातच बसत नाही.

आता कुठून निघायचं. रेषेच्या मागची मोकळी जागा, जिला अप्रोच म्हणतात, ती निदान १५ फूट असते, आणि तिच्यावर खुणेचे ठिपके असतात. तू दरवेळी अंदाजाने उभी राहतेस. त्याऐवजी फाउल लाइनजवळ जा, टाचा रेषेपासून चार बोटं अलीकडे ठेव, पिनांकडे पाठ कर आणि ज्या चालीने बॉल टाकायला येतेस त्याच चालीने साडेचार पावलं मागे चाल. चार पावलं चालीची, अर्धं सरकण्याचं. तिथे वळून उभी राहा. ही तुझी जागा. जवळचा ठिपका बघून ठेव म्हणजे पुढच्या वेळी शोधावी लागणार नाही. आपल्याकडे गल्लीतला पोरगाही रन-अप मोजूनच टाकतो, मग इतक्या बारीक खेळात मोजायला लाज कसली?

पावलं चारच ठेव. पाच पावलांनी खेळणारे पुष्कळ आहेत. त्यांचं पहिलं डावं पाऊल नुसती लय धरायला असतं, बाकी चार तीच. चार नीट बसली की पाचवं हवं तर पुढे जोड. तीन पावलांत मात्र बॉलला झुलायला वेळ मिळत नाही, मग सगळा जोर हाताने लावावा लागतो.

उजवं, डावं, उजवं, डावं. पहिलं उजवं पाऊल लहान आणि शांत. त्याचबरोबर दोन्ही हातांनी धरलेला बॉल पुढे ढकल, वर उचलू नकोस, नुसता पुढे दे. पाय आणि बॉल एकदम निघाले पाहिजेत. सगळ्या वेळापत्रकाची किल्ली तिथेच आहे. दुसऱ्या, म्हणजे डाव्या पावलाला बॉल आपल्या वजनाने खाली येतो आणि पायाच्या बाजूने मागे जायला लागतो. तिसऱ्या, उजव्या पावलाला तो मागे सगळ्यात वर पोचतो. हे पाऊल आखूड आणि चपळ असावं. गुडघा इथेच वाकायला लागतो आणि उजव्या पायाचा चवडा तुला पुढे लोटतो. चौथा डावा पाय जमिनीला घासत पुढे येतो, तेवढ्यात बॉल खाली येतो, आणि पाय थांबतो न थांबतो तोच बॉल घोट्याजवळून सुटतो. आधी पाय पोचला पाहिजे, मग बॉल. बॉल आधी आला तर तो हातातून पडल्यासारखा निघतो आणि त्यात जोर राहत नाही. फार उशिरा आला तर तू थांबून त्याची वाट बघत उभी, मग खांद्याने ओढावं लागतं. तुझे उजवीकडे जाणारे बॉल मला या दुसऱ्या जातीचे वाटतात. तू पहिलं पाऊल झेपेने टाकतेस, बॉल छातीशीच राहतो, आणि पाय रेषेवर पोचतात तेव्हा हात अजून मागेच असतो.

मनात मोजायचं तर असं मोज: एक… दोन… तीन-चार. शेवटचे दोन जवळजवळ. पहिल्या दोन पावलांत एवढा सावकाशपणा हवा की बघणाऱ्याला वाटावं ही फिरायला निघालीय. बॉलला वेग पळण्यातून मिळतो असं नवख्यांना वाटतं. वेग मिळतो तो बॉल मागे किती उंच गेला आणि किती मोकळा खाली आला त्यातून. पळत येणाऱ्याचे पाय थांबताना भांडतात, आणि त्या भांडणाचा निकाल बॉलवर लागतो.

पाय कुठे पडतात हेही बघ. उजव्या हातात पाच-सहा किलोचं वजन लटकलं की शरीर तोल सांभाळायला डावीकडे झुकतं आणि पावलंही तिकडे वाहवत जातात. थोडं वाहवलं तर चालतं, पण दरवेळी सारखंच वाहवलं पाहिजे. निघताना डाव्या पायाची आतली कड कोणत्या फळीवर होती आणि थांबताना कोणत्या, हे दोन आकडे जुळवून बघ. दोन-तीन फळ्यांचा फरक रोज तोच राहत असेल तर चिंता नाही. आज दोन आणि उद्या सात असेल तर वर काहीही दुरुस्त करण्यात अर्थ नाही. डावा पाय शरीराच्या मधोमध, साधारण हनुवटीखाली यायला हवा, म्हणजे उजवीकडे बॉलला जायला वाट मोकळी राहते. पाय उजवीकडे आला की बॉल घोट्याला लागू नये म्हणून हात आपोआप बाहेर जातो. तू त्याला हाताची खोड म्हणतेस.

आता खुद्द स्लाइड, म्हणजे शेवटच्या पायाचं सरकणं. चवडा आधी टेकव, टाच किंचित वर. चवड्यावर पाय सरकत येतो आणि थांबायच्या वेळी टाच हलकेच खाली बसते. ती टाच म्हणजे तुझा ब्रेक. किती सरकायचं याला ठराविक माप नाही. सावकाश येणारा वीतभर सरकतो, जोरात येणारा हातभर. तुझ्या चालीला पाऊण-एक फूट पुष्कळ. थांबायचं रेषेच्या दोन ते सहा इंच अलीकडे. डावा गुडघा वाकलेला, बोटांच्या वर आलेला. छाती गुडघ्याच्या वर. उजवा पाय मागून डावीकडे जातो आणि बोटांनी जमिनीला नुसता शिवून राहतो. तो पाय उजवीकडेच राहिला की कंबर वळते, आणि तो वर सांगितलेला एक अंश तिथूनच निघतो.

हा गुडघा कसा वाकावा हे तुला शब्दांत सांगण्यापेक्षा तालमीत नेऊन दाखवावं असं वाटतं. २०१८ च्या डिसेंबरात जालन्यात महाराष्ट्र केसरी झाली होती, बाला रफिक शेखने अभिजित कटकेला हरवून गदा मिळवली. त्या दोघांना किंवा कुठल्याही चांगल्या मल्लाला खडाखडी करताना बघ. तो पाय उचलून टाकत नाही, जमिनीलगत सरकवतो, आणि गुडघे कधी ताठ होऊ देत नाही. ताठ गुडघ्यावर उभा असलेला मल्ल एका धक्क्यात जातो. ताठ गुडघ्याने रेषेवर आलेला बोलरही तसाच उचकटतो. त्याचा बॉल हातातून वरून पडतो आणि लेनवर धप्पकन आवाज येतो. तुझ्या व्हिडिओत तो आवाज मला दोनदा ऐकू आला.

फाउलचं नीट समजून घे. क्रिकेटच्या क्रीजमध्ये बोलरच्या पुढच्या पायाचा थोडा भाग रेषेच्या मागे असला तरी चालतं. इथे पायाचं बोटसुद्धा रेषेला लागता कामा नये. हात हवेत पलीकडे गेला तर हरकत नाही, पण शरीराचा कुठलाही भाग रेषेवर किंवा पलीकडे टेकला की पाडलेल्या पिना मोजत नाहीत, आणि बॉल मात्र टाकला असंच धरतात. मॉलमधल्या लेनवर फाउलचा दिवा बंद असू शकतो, म्हणून तिथे कुणी टोकत नाही. तू स्वतःला टोक. शिवाय रेषेच्या पलीकडे लेनला तेल लावलेलं असतं. एकदा तिकडे पाय गेला की तळाला तेल लागतं, आणि पुढच्या वेळी स्लाइड तुझ्या ताब्यात राहत नाही.

आता तू म्हणशील, सराव कुठे करू? पुण्यात दर डावाला पैसे मोजावे लागतात, शनिवार-रविवारी रांग असते, आणि जालन्यात आलीस तर रोजच्या सरावाला लेन कुठून आणायची. म्हणूनच तर मी पायांवर जोर देतोय. बॉलला लेन लागते, पायांना फरशी पुरते.

दिवाळीला येशील तेव्हा खालच्या शहाबादीवर करू नकोस, ती खडबडीत आहे. माडीवरच्या खोलीतली फरशी गुळगुळीत आहे. पुसून पूर्ण वाळू दे. डाव्या पायात सुती मोजा घाल आणि उजवा पाय अनवाणी ठेव. अनवाणी पाय फरशी धरतो, मोजा सरकतो. बोलिंगच्या बुटांचा जोडच झाला म्हण. खडूने एक आडवी रेघ ओढ, आणि तिच्यापासून भिंत चांगली लांब असू दे.

पहिले काही दिवस फक्त शेवटचं पाऊल. उजव्या पायावर वजन घे, गुडघा वाकव, चवड्याने लोट, डावा सरकव, थांब. थांबल्यावर मनात तीन मोजेपर्यंत हलायचं नाही. डगमगलीस तर पुन्हा. मग प्रत्येक वेळी जिथे पाय थांबला तिथे अंगठ्यासमोर खडूचं टिंब कर. दहा झाली की त्या दहा टिंबांचा पट्टा किती रुंद आहे ते बघ. आज तो वीतभर असेल. चार बोटांवर आला की मग शेवटची दोन पावलं जोड, आणि तीही तितकीच जमली की चारही. मधली पायरी गाळू नकोस. पूर्ण चाल आधी करायची आणि स्लाइड पुढे आपोआप येईल म्हणायचं, हा हट्ट बरेच जण धरतात. ती आपोआप येत नाही.

पावलं बसली की हात जोड. कापडी पिशवीत दोन किलो ज्वारी घाल, तोंड घट्ट बांध आणि बंद मुठीत धर. पहिल्या पावलाला पुढे दे, मग तिच्या वजनाने झुलू दे, तू ओढू नकोस. सोडायची नाही, नुसती पुढे जाऊ द्यायची. काकूच्या बरण्या त्या खोलीतून आधी हलव, नाहीतर मला बोलणी बसतील.

याच्या जोडीला बैठका मार. रोज थोड्या, पण पूर्ण खाली न जाता अर्ध्यावर थांबून. खेळताना गुडघा तेवढाच वाकवायचा असतो, पण डावभर वाकवायचा असतो. दहाव्या फ्रेमला तुझे गुण घसरतात त्याचं कारण बहुतेक हेच आहे. मांड्या दमतात, गुडघा ताठ होत जातो, स्लाइड आखूड होते, आणि तू समजतेस की नशीब फिरलं. डाव्या गुडघ्यात दुखायला लागलं तर मात्र त्या दिवशी थांबायचं, अंगावर काढायचं नाही.

पुण्याला परत गेलीस की सुट्टी सोडून एखाद्या दुपारी लेनवर जा. ऑफिसच्या टोळक्याबरोबर नको, एकटी किंवा त्या व्हिडिओवाल्या मैत्रिणीबरोबर. बॉल दहा पौंडांचा, म्हणजे साडेचार किलोचा घे, आणि अंगठा भोकात सैल किंवा घट्ट नाही हे बघून घे. जड बॉलने पावलं बिघडतात. पावलं बसल्यावर वजन वाढव. नजर पिनांवर ठेवू नकोस. लेनवर पुढे सात बाण आखलेले असतात. उजवीकडून दुसरा बाण दहाव्या फळीवर असतो, नजर त्याच्यावर ठेव. डोळे लांब गेले की छाती वर उठते आणि गुडघा सरळ होतो. मैत्रिणीला सांग, कॅमेरा बाजूने धर आणि कमरेखालचंच चित्र घे. तुझा चेहरा पुढे केव्हातरी दाखवता येईल.

पहिल्या डावात गुणफलकाकडे बघायचंच नाही. बॉल सुटला की तशीच थांब, तो पिनांना भिडेपर्यंत. मग मान खाली घाल आणि बघ, पाय कोणत्या फळीवर आहे, रेषेपासून किती लांब आहे. वहीत लिही. अशा वीस नोंदी झाल्या की तुझ्या खेळाबद्दल तुला जे कळेल ते गुणफलकावरून वर्षभरात कळायचं नाही. कधी पिना सगळ्या पडल्या आणि पाय मात्र भलतीकडे थांबला असं होईल. तो स्ट्राइक विसरून जा. कधी पाय अगदी जागच्या जागी थांबेल आणि कोपऱ्यातली एक पिन उभी राहील. तो बॉल चांगला होता.

कंटाळा येईल, हे खरं. बरोबरीच्या मुली नवे रंगीत बॉल घेऊन मनगट वळवायला शिकतील, आणि एखाद्या डावात तुझ्या पुढेही जातील. जाऊ देत. ज्यांचे पाय पक्के नाहीत त्यांना वळणारा बॉल जास्तच फसवतो, कारण वळण्याआधीच तो भलत्या फळीवरून निघालेला असतो. लोअर परळला फिनिक्स मिलच्या आवारात लेन आल्या तेव्हा मुंबईतही बरेच जण मजा म्हणून आले आणि मजा संपली तसे गेले. तुझी हौस तशी नाही असं तुझ्या पत्रावरून वाटतं. चेन्नईचा शब्बीर धनकोट आपल्याकडे अनेकदा राष्ट्रीय विजेता झाला. राष्ट्रीय स्पर्धेत खेळायचं स्वप्न तुझ्या पत्रात दोन ओळींमध्ये लपलेलं आहे, मी वाचलंय. त्या मैदानात हात सगळ्यांचेच चांगले असतात. दिवसभर, डावामागून डाव, पाय एकाच जागी थांबवणारे थोडे असतात.

तेव्हा पुढच्या पत्रात गुण कळवू नकोस. वीस नोंदींपैकी किती वेळा पाय चार बोटांच्या पट्ट्यात थांबला, तेवढाच आकडा लिही. तो पंधराच्या पुढे गेला की बॉल मी घेऊन देईन, रंग तू सांग.

आईबाबांना नमस्कार सांग. काकूचे आशीर्वाद. कळावे.

तुझा,
काका